शेवटचा डिटेक्टर काढून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आगीची बातमी आली की तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात एक वाक्य हमखास असतं : 'इमारतीत फायर अलार्म होता, पण तो वाजला नाही.' आमचे आजोबा आपला अंक शब्दकोड्यापासून उलटा वाचत येतात. असं वाक्य भेटलं की चष्म्यावरून माझ्याकडे बघतात, जणू मीच तो बंद करून आलेय. कारण गेले दहा महिने मी हेच काम शिकतेय. बडोद्यात दांडिया बाजारात राहते, आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलाय आणि फायर अलार्म बसवणाऱ्या एका कंपनीत अप्रेंटिस आहे. आजोबांना तोंडी सांगून झालं, आता आपल्याला लिहिते. नाव छापू नये ही विनंती, करार संपायला अजून दोन महिने आहेत.

हे यंत्र कसं चालतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी ज्या दवाखान्यांत, शाळांत, सोसायट्यांत गेले तिथे बहुतेक ठिकाणी साधं, कन्व्हेन्शनल पॅनेल होतं. पॅनेल म्हणजे भिंतीवरची दिव्यांची पेटी, आणि डिटेक्टर म्हणजे धूर ओळखणारी छतावरची वाटी. इमारतीचे भाग पाडतात, त्यांना झोन म्हणतात. प्रत्येक झोनसाठी पॅनेलमधून दोन तारा निघतात आणि एका डिटेक्टरच्या बेसमधून, म्हणजे छतावरच्या बैठकीतून, दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशा माळेसारख्या ओवल्या जातात. माळ जिथे संपते त्या बेसमध्ये एक रेझिस्टर बसवायचा. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा, अंगावर रंगीत पट्टे. साइटवर त्याला नुसतं 'ईओएल' म्हणतात, म्हणजे लाइनचा शेवट. पॅनेल 24 व्होल्टवर त्या रेझिस्टरमधून सतत चिमूटभर करंट फिरवत ठेवतं. करंट तेवढाच राहिला तर हिरवा दिवा. वाढला, म्हणजे कुठल्यातरी डिटेक्टरने धूर पकडला, तर लाल दिवा आणि हूटर. थांबला, म्हणजे तार तुटली किंवा कुणी डिटेक्टर काढून नेला, तर पिवळा दिवा आणि पॅनेलचा बझर पीं-पीं करत बसतो. रेझिस्टर शेवटाला असतो म्हणूनच पॅनेलला कळतं की तार शेवटपर्यंत शाबूत आहे. सगळा खेळ त्या रुपया-दोन रुपयांच्या दाण्यावर.

आता नर्सिंग होमची गोष्ट. शहरातलंच, नाव लिहीत नाही. त्यांचं देखभालीचं काम आधी दुसऱ्या कुणाकडे होतं, पावसाळ्याच्या सुरुवातीला ते आमच्याकडे आलं. तळमजल्यावर रिसेप्शनच्या मागे आठ झोनचं पॅनेल, आठही हिरवे. भिंतीवर लॅमिनेट केलेली तपासणीची प्रमाणपत्रं. मला वाटलं, अर्ध्या तासात सुटू. माझे उस्ताद, ज्यांना मी चाचा म्हणते, या कामात पंचवीस वर्षं आहेत. त्यांनी पॅनेलकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. शिडी माझ्या खांद्यावर दिली आणि म्हणाले, "ऊपर जा, पांच नंबरनो छेल्लो डिटेक्टर काढ." छेल्लो म्हणजे शेवटचा.

पाचवा झोन तिसऱ्या मजल्यावर. बाळंतिणींच्या खोल्या. टोकाच्या खोलीबाहेर शिडी लावली, डिटेक्टरला डावीकडे पीळ दिला, तो सुटून हातात आला. फोनवर चाचा : "काढ्यो?" मी : "काढला." "बराबर काढ्यो?" "हातात आहे चाचा." पलीकडे सगळं शांत. खाली पिवळा दिवा लागून बझर वाजायला हवा होता. काहीच नाही. त्याच्या अलीकडचा काढला. तरी नाही. मग चाचा म्हणाले, राहू दे, खाली ये.

खाली त्यांनी पॅनेलचं दार उघडलं होतं. पाच, सहा आणि सात नंबरच्या टर्मिनलमध्ये तारांच्या जागी तीन रेझिस्टर थेट स्क्रूखाली आवळलेले. पिवळा-जांभळा-लाल, म्हणजे 4.7 किलोओहम, त्या पॅनेलला लागतो तो अगदी बरोबर रेझिस्टर. (दर बनावटीच्या पॅनेलला वेगळा लागतो, तेव्हा करणारा माणूस अडाणी नव्हता.) आणि वरून येणाऱ्या तिन्ही केबल्सच्या टोकांना काळी टेप गुंडाळून त्या बॅटरीच्या मागे खोचल्या होत्या, वेणी खोचतात तशा. पॅनेल बिचारं त्या तीन दाण्यांतून करंट फिरवत होतं आणि समजत होतं की वरचे मजले सुखरूप आहेत. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचे एकतीस डिटेक्टर नुसते छताला चिकटवलेल्या वाट्या. त्यांचा बारीक दिवा दर काही सेकंदांनी लुकलुकायला हवा होता, तो बंद होता. मी शिडीवर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते आणि माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

असं कुणी का करतं? दुष्टपणाने नाही, एवढं मला आता कळलंय. वर पीओपीचं नवं छत झालं होतं, कारागिरांनी केबल दोन-तीन ठिकाणी कापली असणार. बझर रात्रभर पीं-पीं करतो, पेशंट कावतात, नर्स वैतागते, मालक फोन करून सांगतो, पहिला तो आवाज बंद करा. आलेला माणूस छत फोडू शकत नाही, त्याला पुढच्या दोन साइटवर जायचंय. त्याला आवाज बंद करायला सांगितलंय, तो आवाज बंद करतो. दिवाही हिरवा होतो. सगळे खूश.

डॉक्टरसाहेबांना दाखवलं तर ते म्हणाले, "अत्यार सुधी तो बधुं बराबर चालतुं हतुं, तमे आव्या ने बगड्युं." आत्तापर्यंत सगळं नीट चालत होतं, तुम्ही आलात आणि बिघडलं. चाचांनी हात जोडले आणि रेझिस्टर काढले. तिन्ही झोन पिवळे झाले, बझर सुरू झाला आणि मग मात्र छत उघडायची परवानगी पाच मिनिटांत मिळाली. दोन रात्री लागल्या. लाल एफआरएलएस केबल नव्याने ओढली, म्हणजे जी सहज पेट घेत नाही आणि पेटली तरी धूर कमी करते ती. सातव्या झोनचा शेवटचा बेस मी केला. रेझिस्टरचे पाय वाकवून टर्मिनलमध्ये घातले, स्क्रू आवळला, डिटेक्टर उजवीकडे फिरवून बसवला आणि खालून चाचांचा आवाज आला, "पीळी गई." पिवळी गेली. रात्रीचे अडीच वाजले होते. मला कुणी बक्षीस दिलं असतं तरी इतकं बरं वाटलं नसतं.

दुसऱ्यांच्याच चुका सांगून थांबत नाही. नवा डिटेक्टर येतो तेव्हा त्यावर प्लॅस्टिकची टोपी असते, बांधकामाची धूळ आत जाऊ नये म्हणून. धुराचा डिटेक्टर म्हणजे आत एक अंधारी डबी असते. एका बाजूने इन्फ्रारेडचा झोत, आणि सेन्सर अशा कोनात की झोत त्याच्यावर थेट पडू नये. धुराचे कण आत गेले की झोत विखुरतो, थोडा सेन्सरवर पडतो आणि डिटेक्टर बोलतो. धूळही तेच काम करते, म्हणून टोपी. काम संपलं की ती काढायची. दिवाळीआधी आम्ही एका क्लासमध्ये अकरा डिटेक्टर बसवले. टोप्या काढणं माझं काम. सुपूर्द करताना पॅनेलजवळचा एक डिटेक्टर धूर देऊन वाजवून दाखवला, सगळ्यांनी सह्या केल्या. तीन आठवड्यांनी काही कारणाने पुन्हा गेलो तर आतल्या चार वर्गांत टोप्या तशाच. पॅनेल हिरवंच, कारण टोपीखाली डिटेक्टर जिवंत असतो, फक्त त्याचं नाक दाबलेलं असतं. चाचा रागावले नाहीत. चारही टोप्या माझ्या डब्याच्या पिशवीत टाकल्या. घरी आईने डबा काढताना विचारलं, हे काय गं? तिला सांगताना जे झालं ते सहन करण्यापेक्षा चाचांची शिवी परवडली असती.

2019 च्या 24 मे रोजी सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये क्लासला गेलेली मुलं वरून उड्या टाकताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. 22 जीव गेले. मी तेव्हा शाळेत होते. माझ्या क्लासला दुसरा जिना आहे का, ते बघायला आई स्वतः जाऊन आली होती. तीच आई त्या टोप्या हातात घेऊन उभी होती. आता मी काम संपल्यावर टोप्या मोजते. नकाशावर जितके डिटेक्टर, तितक्या टोप्या पिशवीत. एक कमी भरली तर घरी जायचं नाही.

मुलगी असल्याचा या कामात एक उपयोग झाला, तो कुणी आधी सांगितला नव्हता. पहिले दोन महिने जिथे जाऊ तिथे "बेन, तमे रहेवा दो, पडी जशो" (ताई, तुम्ही राहू द्या, पडाल) ऐकून घेतलं. मग एका मुलींच्या हॉस्टेलचं काम आलं. तिथे पुरुष मेकॅनिकला पहिल्या मजल्याच्या वर सोडत नसत, म्हणून आजवरची तपासणी पहिल्या मजल्यापर्यंतच झालेली. कागदावर मात्र चारही मजले. वॉर्डनबाई मला म्हणाल्या, तू जा वर. गेले. तिसऱ्या मजल्यावर सहा डिटेक्टरांना शॉवर कॅप. हो, अंघोळीची, फुलाफुलांची. मुली केटलीत मॅगी करतात, वाफ वर जाते, अलार्म झाला तर वॉर्डन केटली जप्त करते. त्यांच्या जागी मी असते तर मीही घातली असती. इलाज रागावण्यात नव्हता. पँट्रीत, म्हणजे चहा-नाश्त्याच्या खोलीत, धुराचा डिटेक्टर बसवणंच चूक होतं, तिथे उष्णतेचा हवा होता. त्याला वाफेचं आणि फोडणीच्या धुराचं देणंघेणं नसतं. पल्ला मात्र कमी : सपाट छताखाली धुराच्या डिटेक्टरपासून कुठलाही कोपरा साडेसात मीटरच्या आत लागतो, उष्णतेच्या डिटेक्टरपासून 5.3 मीटरच्या आत. आपल्या आयएस 2189 या संहितेत हे आहे. आम्ही तीन बदलले. नव्या डिटेक्टरची परीक्षा घ्यायची वेळ आली आणि माझी हीट गन बंद पडली, तेव्हा एकीने आपला हेअर ड्रायर आणून दिला. अर्ध्या मिनिटात हूटर वाजला, सगळा मजला टाळ्या पिटायला लागला. केटल्यांचं काय झालं, मी विचारलं नाही.

आता शिकण्याबद्दल, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र सुरू केलं होतं. पहिले चार महिने मी शिडी धरली, भिंतीत झिरी पाडली, पाइप वाकवले, चहा आणला. याला माझी हरकत नाही, पाइप वाकवता आला नाही तर केबल ओढता येत नाही. स्टायपेंड एकदा दोन महिने रखडला, पण आला. (2019 च्या नियमांनी शिक्षणाप्रमाणे तो महिना किमान 5,000 ते 9,000 रुपये ठरवला होता. त्यात पेट्रोल भागवून काय उरतं ते ज्याचं त्याने बघावं.) माझी तक्रार वहीबद्दल आहे. अप्रेंटिसने रोज काय काम केलं त्याची नोंद ठेवायची असते. माझी तीन महिन्यांची वही एका संध्याकाळी ऑफिसात बसवून मला सांगून लिहून घेतली. त्यात 'पॅनेल प्रोग्रॅमिंग', 'लूप टेस्टिंग', 'बॅटरी बॅकअपची तपासणी' असं सगळं आहे. ॲड्रेसेबल पॅनेलला, म्हणजे जिथे प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर असतो त्याला, मी तोवर बोटही लावलं नव्हतं. म्हणजे माझ्या वहीचाही रेझिस्टर पॅनेलमध्येच लावला होता. तपासणारा ती वही उघडेल, सगळं हिरवं दिसेल. वायरचं दुसरं टोक कुठे आहे ते त्याला कळणार नाही.

चाचांसारखा माणूस मिळाला म्हणून मी थोडंफार शिकले. माझ्याबरोबर लागलेला दुसरा मुलगा आजही नुसती केबल ओढतोय आणि वही त्याचीही भरलेली आहे. वर्ष पुरं झालं की आम्ही दोघंही सारखंच प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू. उद्या तुमच्या सोसायटीत आमच्यापैकी कोण येईल, हे तुम्हाला ओळखता येणार नाही.

घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कलाभवन आहे. 1890 मध्ये सयाजीराव महाराजांनी ते काढलं, प्रा. त्रिभुवनदास गज्जर पहिले प्रमुख. धंदेशिक्षण इथल्या लोकांना इथल्या भाषेत द्यायचं, हा त्यामागचा विचार होता. दादासाहेब फाळके तिथेच शिकले, हे आजोबा दर आठवड्याला सांगतात. रोज तिथून जाताना मला पॅनेलवरची अक्षरं आठवतात. फॉल्ट, आयसोलेट, सायलेन्स, रिसेट, सगळं इंग्रजीत. रात्री दोन वाजता पॅनेलसमोर असतो तो दाहोदकडून आलेला वॉचमन. त्याला गुजराती वाचता येतं, इंग्रजी नाही. त्याने काय दाबावं? तो सायलेन्स दाबतो, कारण मागच्या वेळी ते दाबल्यावर आवाज थांबला होता. मी आता दर साइटवर दिव्यांच्या खाली गुजराती पट्ट्या चिकटवते : लाल म्हणजे आग, पिवळी म्हणजे बिघाड, कुणाला फोन करायचा. कागद, चिकटपट्टी आणि दहा मिनिटं. कंपनीने सांगितलेलं काम नाही, पण अजून कुणी काढायलाही लावल्या नाहीत.

कायद्याचं म्हणाल तर गुजरातमध्ये 2013 पासून अग्निसुरक्षेचा वेगळा कायदा आहे. 2024 च्या 25 मे रोजी राजकोटच्या गेम झोनमध्ये 27 माणसं जळून गेल्यावर तर आमच्या ऑफिसातला फोन खाली ठेवता येत नव्हता, असं चाचा सांगतात. सगळ्यांना एनओसी हवी होती आणि आठवडाभरात हवी होती. घाईत तपासणी पॅनेलसमोर उभं राहूनच होते, एक फोटो, एक सही. माझी मागणी मोठी नाही. तपासायला जो कोणी येईल, अधिकारी असो की सोसायटीचे सेक्रेटरी, त्याने पॅनेलजवळचा डिटेक्टर वाजवून घेऊ नये. नकाशावर बोट ठेवून सगळ्यात लांबचा निवडावा, बसवणाऱ्याला निवडू देऊ नये. तो काढायला लावावा आणि खाली पिवळा दिवा लागतो का ते पाहावं. मग त्यालाच धूर द्यायला लावावा, लाल लागतो का पाहावं. हे सगळं एकदा वीजपुरवठा बंद करूनही करावं, कारण पॅनेलमधल्या 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तीन-चार वर्षांत मान टाकतात आणि लाइट गेल्याशिवाय ते कळत नाही. आणि शिकाऊ मुलामुलींची परीक्षाही वहीवर न घेता अशीच शिडीवर घ्यावी. एक तार मुद्दाम कुठेतरी तोडून ठेवा आणि सांगा, शोध.

आपल्या वाचकांना वाटेल, ही मुलगी गावाला शहाणपण शिकवते, स्वतःच्या बिल्डिंगचं काय? तेही सांगते. आमची चार मजली इमारत आहे, दांडिया बाजारच्या फायर स्टेशनपासून फार लांब नाही. त्यामुळे सगळ्यांना वाटतं की बंब काय, पाच मिनिटांत येईल. पॅनेल मीटरच्या खोलीत आहे आणि त्याच्यासमोर कुणाची तरी ॲक्टिव्हा उभी असते. गेल्या रविवारी ती सरकवून मी दार उघडलं. रेझिस्टर पॅनेलमध्ये नव्हते, एवढं नशीब. पण चौथा झोन 'आयसोलेट' करून, म्हणजे पॅनेलवरून बंद करून ठेवलेला, आणि दिव्यावर पांढरी टेप, डोळ्यांना त्रास नको म्हणून असेल. वर जाऊन पाहिलं. गच्चीच्या जिन्याजवळचा शेवटचा बेस रिकामा, डिटेक्टरच नाही, आत कोळ्याचं घर. सेक्रेटरीकाकांना सांगितलं. ते भले गृहस्थ आहेत, मला लहानपणापासून ओळखतात. म्हणाले, "बरं झालं सांगितलंस हो, गणपती होऊन जाऊ देत, मग मीटिंगमध्ये घेऊ."

डिटेक्टर मी माझ्या स्टायपेंडमधून आणून ठेवलाय. टोपीसकट टीव्हीवर ठेवलाय, आजोबा येताजाता बघतात. पॅनेलची किल्ली सेक्रेटरीकाकांकडे आहे.

आपली नम्र,
एक शिकाऊ
दांडिया बाजार, बडोदा